गप्प बसलेली कळ

देवासमोर हात जोडून काही कबूल करायचं असेल तर माणसाने आधी दोन दिवस विचार करावा. मी केला नाही. एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, उदबत्तीचा वास खोलीत असतानाच, मी मनातल्या मनात म्हणून गेले, "क्लेमेंटीनमावशींची वही टाइप करून पुरी होईपर्यंत मी चहा घेणार नाही." माझ्या अंदाजाने हे दोन दुपारींचं काम होतं. गणपतीच्या मूर्तीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होतं, ते रोजचंच असावं असं मी समजले.

मनातल्या मनात अशासाठी, की सकाळी उठल्यापासून पूजा, जप आणि पोथी आटोपेपर्यंत माझं मौन असतं. साधारण साडेदहापर्यंत. चौदा वर्षांपूर्वी एका चातुर्मासात धरलं. चातुर्मास संपला, मौन राहिलं. आमचे हे, म्हणजे श्रीरंगराव, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की आमच्या संसारातलं सगळं सुख सकाळी साडेदहाच्या आत आहे. मी मनावर घेत नाही. हे असं बोलतात ते नेमकं साडेदहाच्या आत बोलतात, एवढंच मी लक्षात ठेवलं आहे.

क्लेमेंटीनमावशी होळी गावच्या. आमच्या इमारतीपासून त्यांची वाडी चालत पंधरा मिनिटं. वीस वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा त्या अळू, केळफूल, वालाच्या शेंगा घेऊन येतात आणि भाजीपेक्षा जास्त वेळ गप्पांना देतात. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मात्र टोपलीत भाजीच्या वर फडक्यात गुंडाळलेली एक वही होती.

"ताई, तुम्ही हापिसात टायपिंग करायच्या ना?" त्यांनी विचारलं.

आता हा प्रश्न मला कोणी विचारला की माझी पाठ आपोआप ताठ होते. बत्तीस वर्षं मी सरकारी कार्यालयात टंकलेखिका होते. मराठी मिनिटाला चाळीस शब्द, इंग्रजी पन्नास, दोन्हींची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली. साहेबांची बदली व्हायची तेव्हा जाणारे साहेब येणाऱ्या साहेबांना माझ्याबद्दल सांगून जायचे. विनय हा गुण आहे हे मला मान्य आहे, पण खरं लपवणं हाही दोषच.

वही मावशींच्या आईच्या हातची होती. त्यांच्या वाडीत एक जुना क्रूस आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सगळं कुटुंब त्याच्यापुढे जमतं आणि एक जुनी पोर्तुगीज प्रार्थना म्हणतं. अर्थ फारसा कोणालाच कळत नाही, चाल सगळ्यांना येते.

"म्हणजे कसं," मावशी म्हणाल्या, "मी म्हणते नि मागनं सगळे हूं हूं करतात. आईच्या वेळी मी हूं हूं करायचे. आता माझे डोळे गेले, मधले मधले शब्दपण जातात. मी गेले की नुसतं हूं हूं राहील, ताई. छापून हातात दिलं तर पोरं वाचतील तरी."

सातिवलीला थॉमस म्हणून त्यांच्या ओळखीचे एक छापखानेवाले होते. ते पन्नास पुस्तिका छापून देणार होते, पण टाइप केलेलं तयार हवं; आणि रविवारच्या आधीच्या बुधवारी, दुपारी बाराच्या आत. नंतर त्यांच्याकडे लग्नपत्रिकांची गर्दी.

मी वही उघडली. बेचाळीस ओळी. सुंदर, उजवीकडे कललेलं अक्षर. फक्त अक्षरांवर जिथे तिथे काहीतरी बसलेलं. 'ए'वर नागमोडी रेघ, 'ओ'वर छप्पर, कुठे तिरकी काडी, एका 'सी'ला तर खाली शेपटी.

"हे सगळं यायला पाहिजे हं," मावशी म्हणाल्या. "आई म्हणायची, हे काढलं तर गाणं जमिनीवर पडेल."

"येईल की," मी म्हटलं. साडेदहा वाजून गेले होते, त्यामुळे हे वाक्य मी मोठ्याने बोलले, आणि त्याला साक्षीदार होते.

आमच्या कीबोर्डवर त्यातलं काहीच सरळ उमटत नव्हतं. मावशींचा भाचा जेन्सन जहाजावर नोकरीला. तो सुट्टीवर आलेला होता. "मी करून देतो, दोन मिनिटांचं काम," असं त्याने कळवलं आणि गुरुवारी सकाळी पावणेदहाला दारात उभा राहिला, पाठीवर भली मोठी पिशवी. खाली रिक्षा थांबलेली, त्यातून थेट विमानतळ, पुढे जहाज.

पावणेदहाला मी जपाला बसलेली असते. एकशे आठ मणी. एकदा माळ हातात घेतली की मेरुमण्यापर्यंत थांबायचं नाही, हा नियम. जेन्सन संगणकापाशी बसला, टकटक केलं आणि माझ्याकडे वळून समजावायला लागला. मुलगा फार गुणी. सावकाश, हातवारे करून सांगत होता. मी त्याच्याकडे बघत होते, ओठ हलत होते, आत नाम चालू होतं. मध्येच त्याने विचारलं, "कळलं ना, आंटी?" मी एकसष्टाव्या मण्यावर होते. मी मान डोलावली.

खरं सांगायचं तर मी जप करताना सगळ्यालाच मान डोलावते. आमच्या यांनी एकदा त्या वेळात विचारून बासष्ट इंचांचा टीव्ही आणला होता.

"एकदम सोपं आहे," जेन्सन म्हणाला. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि तो गेला. जहाजावर गेल्यावर पंधरावीस दिवस त्याचा फोन लागत नाही, हे मला दुपारी कळलं.

दुपारी मी बोटं मोडून, देवाचं नाव घेऊन बसले. पहिल्या ओळीतच तो 'ए'वरच्या नागमोडी रेघेचा शब्द होता. मी 'एम' दाबला, 'ए' दाबला, आणि मग नागमोडीची कळ. आपण हाताने लिहितो तसंच. आधी अक्षर, मग वरची मात्रा. कळ दाबली. पडद्यावर काही नाही. पुन्हा दाबली, जरा जोरात. आता एकदम दोन नागमोड्या आल्या, दोन अळ्या एकीमागून एक चालल्यासारख्या, आणि 'ए' बिचारा शेजारी बोडका. खोडलं. पुन्हा एकदाच दाबली. काही नाही. म्हटलं जाऊ दे, पुढचं 'ई' टाकू. तर 'ई'च्या आधी ती लपून बसलेली नागमोडी टुणकन बाहेर आली.

'सी'च्या शेपटीने तर कमालच केली. 'सी' टाइप करून तिरक्या काडीची कळ दाबली की नुसती शांतता. आणि पुढचा 'ए' टाइप केला की काडी त्या 'ए'च्या डोक्यावर. म्हणजे नवरदेव बाजूला उभा, आणि मुंडावळ्या फोटोग्राफरच्या कपाळाला.

"कळ मेलीय," आमचे हे पाठीमागून म्हणाले.

"मेलीय कशी? मध्येच येते."

"मग मरायला टेकलीय."

यांनी निदान केलं की कीबोर्डमध्ये प्रसाद गेला आहे. संगणक आमच्या देव्हाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर असतो, त्यामुळे हा आरोप मला नाकारता येईना. यांनी कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा करून आपटला. त्यातून अक्षता पडल्या, तीळ पडले, साखरफुटाणा पडला, दूर्वेचं एक वाळकं पान पडलं. "पूजेचं ताट इथेच मांडत जा," हे म्हणाले. अक्षता वेचून मी तुळशीत घातल्या. कळ होती तशीच राहिली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे विघ्नेश आले. हे आमच्या सोसायटीचे सचिव. काम मालवाहतुकीच्या कंपनीत, पण इमारतीत कोणाचंही काही बिघडलं की पहिलं मत त्यांचं असतं. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. ज्या नावाने दिवसाची सुरुवात करायची, त्या नावाच्या माणसाला संध्याकाळी नावं ठेवणं मला जमत नाही.

"व्हायरस आहे, काकी," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "बंद करून पुन्हा सुरू केलं?"

केलं होतं. चार वेळा.

"मग पाचव्यांदा करा. कधीकधी पाचव्यांदा होतं." ते वाकून पडद्याकडे बघू लागले. "हे खाली कोपऱ्यात काय लिहून येतंय? आधी होतं का?"

"माहीत नाही हो."

"जाऊ दे. कोपऱ्यातल्याचा काही संबंध नसतो."

हे वाक्य मी पुढे कधीतरी त्यांच्यासमोर म्हणणार आहे. पण योग्य वेळी, आणि गोड आवाजात.

शुक्रवारी कीबोर्ड पिशवीत घालून आम्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो स्वतःच्या संगणकाला जोडला, नागमोडीची कळ दाबली, नागमोडी आली. काडीची दाबली; काडी आली. पहिल्या फटक्यात, तक्रार न करता.

"मस्त चालतोय, मॅडम."

"घरी नाही चालत."

"इथे चालतोय."

"माहेरी आला की बरा होतो," हे म्हणाले. दुकानातले तिघे हसले. मी हसले नाही. घरी आणून जोडला, कळ गप्प. पुन्हा दुकानात नेला, चालू. तिसऱ्या खेपेला दुकानदार कीबोर्डऐवजी माझ्याकडे निरखून बघायला लागला. बत्तीस वर्षांत माझ्या टायपिंगकडे कोणी असं पाहिलं नव्हतं.

"काकी, दाबता कशा तुम्ही?" त्याने अगदी हळुवारपणे विचारलं. लहान मुलाला विचारतात तसं.

प्रमाणपत्रं घरी भिंतीवर होती. पिशवीत नव्हती.

मग नवीन कीबोर्ड आला. विघ्नेशांच्या ओळखीने, सातिवलीच्या गोदामातून, खोक्यासकट. मी त्याला हळदकुंकू लावलं. त्यानेही तेच केलं जे जुन्याने केलं होतं. आता बिघाड कीबोर्डचा नाही हे ठरलं, म्हणजे उरलो घर आणि मी. विघ्नेश म्हणाले, टेबल आग्नेयेला आहे. आम्ही टेबल ईशान्येला सरकवलं. ईशान्येला विजेचा सॉकेट नाही, म्हणून दिवाणखान्यातून वायर ओढली. त्या वायरीला अडखळून यांचा चष्मा मोडला. ईशान्येला कळ गप्पच राहिली, फक्त आता ती हवेशीर जागी गप्प होती.

या सगळ्यात चहा बंदच. पहिले तीन दिवस डोकं दुखलं, मग स्वभाव दुखायला लागला. हे स्वतःचा चहा स्वतः करू लागले होते आणि त्यात आलं किसून घालत होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, यांनी कधी आलं किसलं नव्हतं. मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे. हे दार उघडून विचारायचे, "साखर कुठे असते गं?" रोज. साखर रोज तिथेच असायची.

मग एकादशी आली. दर एकादशीला मी आमच्या गावच्या देवळात अभिषेकाची दक्षिणा बँकेच्या संकेतस्थळावरून पाठवते. अकरा वर्षांत चुकलेलं नाही. त्या दिवशी पासवर्ड टाकला: चुकीचा. पुन्हा टाकला: चुकीचा. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोटाने दाबून टाकला, आणि बँकेने दारच लावून घेतलं. आता तो पासवर्ड बदललेला आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. गोविंद, मग नागमोडी रेघ, मग अनंत. इंग्रजी अक्षरांत. देवाच्या दोन नावांमध्ये पाणी वाहतंय असं मला ते वाटायचं. पडद्यावर पासवर्डाचे नुसते ठिपके दिसतात. त्या दिवशी त्यांत एक ठिपका कमी असणार. पण रोज एकशे आठ मणी मोजणाऱ्या बाईने ते ठिपके काही मोजले नाहीत.

बँकेत एक तरुण अधिकारी होती. तिने अर्ज दिला. अर्जात कारणापुढे एकच वाक्य छापलेलं: 'मी माझा पासवर्ड विसरले आहे.' खाली सही.

"पण मी विसरले नाही," मी म्हटलं.

"हो, पण इथे सही करा."

"विसरले नसताना कशी करू? एकादशी आहे आज."

तिने कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मॅडम, सगळे विसरलेलेच असतात. दुसरं कारणच नाही अर्जात."

मी पेन मागून घेतलं आणि छापील वाक्याच्या खाली नीट अक्षरात लिहिलं: 'विसरले नाही. लख्ख आठवतो. तरी उघडत नाही.' ती तो कागद घेऊन आत साहेबांकडे गेली. साहेब बाहेर आले. मागच्या रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकायला लागली. साहेब म्हणाले, असा अर्ज घेता येत नाही. उद्या आपोआप उघडेल, तेव्हा पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्या दिवशी उघडलं, मी तोच पासवर्ड टाकला, पुन्हा बंद झालं. अभिषेकाची दक्षिणा यांच्या फोनवरून पाठवली. देवाला चालली असेल. मला चालली नाही.

असं करता करता मंगळवार उजाडला. उद्या बाराला छापखाना. मी मनाशी तडजोड केली. खुणा सोडून नुसती अक्षरं टाइप केली, बेचाळीसच्या बेचाळीस ओळी, तासाभरात. छापून आलं की पन्नास पुस्तिकांवर बारीक पेनाने हाताने खुणा करीन, असं ठरवलं. अशा तडजोडीत देव डोळे मिटतो, पण मावशी मिटतील का, याची खात्री नव्हती. म्हणून एक प्रत काढून यांच्या हाती होळीला पाठवली.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मावशी स्वतः आल्या. टोपली नाही, भाजी नाही. हातात फक्त माझा कागद आणि भिंग. जप आटोपला होता, पोथीचा शेवटचा अध्याय राहिला होता. मी खुणेनेच त्यांना संगणकाजवळच्या खुर्चीत बसवलं.

माझं मौन त्यांना वीस वर्षांत सवयीचं झालेलं. त्या आपल्या बोलत राहिल्या.

"ताई, तुम्ही लई मेहनत घेतली. श्रीरंगभाऊंनी सांगितलं, चहापण सोडलाय. असं नका करू. मी फादरना विचारलं. ते म्हणाले, बाय, मराठीत म्हणा, देवाला मराठी कळते. कळतेच की. यंदापासून मराठीत म्हणू. जुनं ते माझ्यासंगती जाईल. तेवढं काय..."

त्या थांबल्या. भिंग कागदावर ठेवलं आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

"फक्त हे बघून बरं नाही वाटलं. हा शब्द म्हणजे आई. याच्यावर ती लाट असते ना, ती माझी आई आम्हाला दाखवायची. म्हणायची, हा हिचा पदर. देवाची आई आहे, तिला बोडकी नाही लिहायची. रात्री दिव्यापाशी आमचा हात धरून गिरवून घ्यायची. लाट काढताना तीपण स्वतःचा पदर सारखा करायची." मावशी हसल्या. "वेडी होती."

 मौन नसतं तर मी काय सांगणार होते? नंतर पेनाने काढीन? त्यांच्या आईचा पदर मी पन्नास वेळा मागाहून चिकटवणार होते.

निदान मी प्रयत्न केला होता एवढं तरी त्यांना दिसावं, म्हणून मी संगणक चालू केला. त्या शब्दापाशी गेले, बोडका 'ए' खोडला आणि नागमोडीची कळ दाबली. मग दोन्ही हात वर करून दाखवले: बघा. काही नाही.

"दाबलं नि काहीच नाही?" मावशी पुढे वाकल्या. "अगो बाय. नि ती हिच्या डोक्यावर यायला पाहिजे ना, या..." आणि कुठलं अक्षर ते दाखवायला त्यांनी भाजी निवडणाऱ्या जाड बोटाने 'ए'ची कळ खचकन दाबली.

पडद्यावर 'ए' आला. डोक्यावर पदर घेऊन.

 मी खोडलं. पुन्हा नागमोडी दाबली, शांतता. मग 'ए', पदरासकट हजर. तिरकी काडी दाबली, मग 'सी', शेपटी. छप्पर दाबलं, मग 'ओ', छप्पर. आधी खूण, मग अक्षर! ती कळ मेली नव्हती, वेडी झाली नव्हती, आग्नेयेला घाबरली नव्हती. दाबल्यावर ती गप्प राहून पुढच्या अक्षराची वाट बघत होती. आणि मी तिला दोन आठवडे आपटत होते, मी!

घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. ओरडावंसं वाटत होतं. चौदा वर्षांचं मौन ओठाशी आलं होतं. मी उठले, देव्हाऱ्यातली घंटा उचलली आणि सगळा जोर लावून वाजवली.

स्वयंपाकघरातून हे टाळ्या वाजवतच आले. त्यांना वाटलं आरती सुरू झाली. वरून विघ्नेश जिना उतरून आले, त्यांना वाटलं आग लागली. मी घंटा वाजवतच पडद्याकडे बोट दाखवत होते, मावशी डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. कोणालाच काही समजेना, म्हणून यांनी "सुखकर्ता"ला सुरुवात केली. विघ्नेशांनी चप्पल काढून हात जोडले.

टायपिंगला मौन आड येत नाही. मी बसले. मावशी वहीवर भिंग धरून खुणा सांगत होत्या, "पदर... शेपटी... छप्पर... परत पदर", आणि माझी बोटं चालली होती, मिनिटाला पन्नासच्या वर असतील. हे मागे उभे होते.  माझ्या पाठीला कळत होतं की बघतायत. अकरा वाजून पाच मिनिटांनी बेचाळिसावी ओळ संपली. साडेदहा कधीच उलटून गेले होते, आणि राहिलेला अध्याय मी दुपारी वाचणार होते.

"विघ्नेशभाऊ, स्कूटर काढा," हे माझे त्या दिवसाचे पहिले शब्द. त्यांनी बाराला दहा कमी असताना पेन ड्राइव्ह छापखान्यात पोचवला. थॉमसनी फोन करून सांगितलं, खुणा एकूण एक आल्यात, कोणी बसवल्या? हे म्हणाले, "आमच्या मिसेसने. पन्नासचा स्पीड आहे." आणि मग न विचारता यांनी चहा टाकला. आलं जास्त झालं होतं, साखर दुप्पट, दूध उतू जाऊन निम्मं शेगडीवर. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

बँकेचं दारही त्या संध्याकाळी उघडलं. नागमोडीनंतर जागा सोडायची ती मोठी मोकळी कळ दाबायची, मगच अनंत; नाहीतर नागमोडी अनंतच्या 'ए'च्या डोक्यावर जाऊन बसायची. ठिपके मोजले. बरोबर भरले.

शनिवारी कुठल्याशा बंदरातून जेन्सनचा निरोप आला. 'आंटी, जमलं ना? मी म्हटलं होतं, कीबोर्ड परदेशी अक्षरांवर लावून ठेवलाय, खाली कोपऱ्यात तसं लिहून येईल; पहिली कळ दाबली की काही दिसणार नाही, घाबरू नका, ती पुढच्या अक्षरासाठी थांबते. तुम्ही तर लगेच मान डोलावली!' खाली हसरा चेहरा. मी उत्तर पाठवलं, 'हो रे बाळा, जमलं.' यात खोटं काही नव्हतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही वाडीत गेलो. केळींच्या मधल्या वाटेने, क्रूसावर शेवंतीचे हार, खाली मेणबत्त्या. चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात पिवळी पुस्तिका. मागच्या रांगेत हे आणि विघ्नेश. मला मावशींनी हाताला धरून आपल्याजवळ उभं केलं.

त्यांनी सुरुवात केली. आवाज बारीक, पण चाल पक्की. मागे यंदा हूं हूं नव्हतं. पोरं अडखळत का होईना वाचत होती. अकरा ओळी झाल्या, बारावी सुरू झाली आणि मध्येच मावशी थांबल्या. तोंड उघडं, डोळे क्रूसावर, आवाज नाही. पुस्तिका त्यांच्या हातात होती, पण भिंग घरी राहिलेलं. त्या थांबल्या तशी पोरंही थांबली. मेणबत्त्यांचा चरचर आवाज ऐकू यायला लागला. कोणीतरी म्हणालं, "पानी आना, पानी." सून पुढे झाली. मागून विघ्नेश कुजबुजले, "पहिल्यापासून सुरू करायला सांगा."

मी सुनेचा हात धरून तिला थांबवलं. मावशींना काही झालं नव्हतं. मला ते दिसत होतं. अशा वेळी हलवायचं नसतं, पाणी पाजायचं नसतं, आपटायचं तर मुळीच नसतं.

बारावी ओळ मी टाइप केली होती. पुढचा शब्द कुठला ते माझ्या बोटांना माहीत होतं.

मी मावशींच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात तो शब्द म्हटला, पदरासकट.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसता डोक्यावरचा पदर सारखा केला, तोच शब्द उचलला आणि पुढे गायला लागल्या.